टॉर्कीचं औषधकपाट

बी.फार्म. करून तुम्ही इंग्लंडमधल्या एक्झेटरला शिकायला येताय. गाणं सुटल्याची सल आहे, रहस्यकादंबरी लिहायची आहे, आणि रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तींचं गाव टॉर्की जवळ असल्याचा काही उपयोग होईल का, असं विचारलंत. होईल, पण त्यांच्या घरापेक्षा त्यांच्या नोकरीकडे नीट बघा. जन्मघर शोधू नका, ते १९६० च्या दशकात पाडलं.

बाई १८९० साली टॉर्कीत जन्मल्या. अकराव्या वर्षी वडील गेले, पैशांची ओढाताण सुरू झाली. पॅरिसमध्ये त्या पियानो आणि गाणं शिकल्या. पण चारचौघांत वाजवताना त्यांचा धीर सुटे, आणि ऑपेराला हा आवाज पुरणार नाही असं जाणकारांनी सांगितलं. मग पहिलं महायुद्ध आलं. टॉर्कीच्या इस्पितळात आधी रुग्णसेवा, नंतर औषधं बनवण्याचं काम. पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, त्याच काळात लिहिली, ती १९२० मध्ये आली.

(ती वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडा.) स्ट्रिक्निन या विषाचा अंश असलेल्या टॉनिकमध्ये ब्रोमाइड (गुंगीचं औषध) मिसळलं की अविद्राव्य क्षार तयार होतो आणि त्याचे स्फटिक तळाशी बसतात. वरचे डोस निरुपद्रवी, शेवटच्या घोटात जवळजवळ सगळं विष. खुनी तिथे नसतानाही खून होतो. तुम्ही ज्याला औषधांची विसंगती म्हणून पाठ केलंत, तेच इथे कथानक झालं.

त्याहून मोलाचं म्हणजे माणसं. बाईंना शिकवणाऱ्या औषधविक्रेत्याचं दशांशचिन्ह चुकलं, मात्रा दहापट झाली. नवशिक्या बाईंना त्याला तोंडावर सांगवेना, म्हणून त्यांनी त्या औषधाचा ट्रेच पाडला. हाच माणूस खिशात क्युरारे नावाचं विष बाळगायचा, कारण त्याने आपल्या हाती ताकद आहे असं वाटे. तो कादंबरीत (‘द पेल हॉर्स’) उतरला १९६१ मध्ये! म्हणून तुमची जर्नल्स रद्दीत घालू नका. प्रत्येक औषधापुढे चव, वास, लक्षणं दिसायला लागणारा वेळ, कशाशी पटत नाही आणि नोंद कुठे होते, एवढं लिहा. शेजारच्या पानावर काउंटरवरची भीती लिहा: कोण चुकलं, कोणी झाकलं.

नवे लेखक फसतात ते इथे: गोष्ट डेव्हनमध्ये (एक्झेटर-टॉर्कीच्या परगण्यात) आणि औषधांचं दुकान सदाशिव पेठेतलं. इथे चिठ्ठी बहुतेक वेळा डॉक्टरांच्या संगणकावरून थेट दुकानात जाते. मॉर्फीनसारख्या औषधांचं वेगळं रजिस्टर असतं, त्यात शिल्लक जुळावी लागते. इथली पद्धत माहीत होईपर्यंत कथा पुण्यातच घडवा.

व्हिसाचंही बघा. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. मसुदा खुशाल लिहा, पण पैसे घेण्याआधी किंवा करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. करारात पुढच्या पुस्तकांवर प्रकाशकाचा हक्क किती, तेही वाचा. पहिल्या करारात बाई आणखी पाच पुस्तकांना बांधल्या गेल्या होत्या.

एक्झेटरहून टॉर्कीला रेल्वेने तासाच्या आत पोहोचता. आधी संग्रहालयातलं त्यांचं दालन, मग टॉर ॲबी या जुन्या मठातली विषारी वनस्पतींची बाग. ग्रीनवेचं घर त्यांनी १९३८ मध्ये घेतलं. तिथे पेंटनहून वाफेच्या गाडीने जा, पुढे जंगलातून चालायचं आहे. पावसाळी बूट घाला.