‘पहिल्याच दिवशी तारा लावतील का?’

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मॅडम, दातांना तारा लावायच्यात, पण पोर डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही. जरा समजावून सांगा ना.” इतक्या आयांकडून हे ऐकलंय, की आता ते ऐकताना मी आईकडे नाही, मुलाकडे बघते.

त्यातलीच ही सिडकोतली आठवीची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आई बोलत होती आणि ही ओठांपुढे तळहात धरून बसलेली. पाणी दिलं, तर तेही हाताआडूनच प्यायली. दोनदा अपॉइंटमेंट घेतली, दोन्ही वेळा निघायच्या सकाळी हिचं पोट दुखलं.

तिच्या मनातलं चित्र असं: खुर्चीत बसवतील, इंजेक्शन देतील, दात उपटतील, तारा आवळून घरी पाठवतील. मी तिला जे सांगितलं, ते सगळ्याच पालकांनी ऐकावं. पहिल्या भेटीत बहुधा यातलं काहीच होत नाही. डॉक्टर आधीचे आजार विचारतात, अंगठा चोखायची किंवा तोंडाने श्वास घ्यायची सवय विचारतात. मग वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते बघतात. लागलेच तर जबड्याचे एक्स-रे. त्यासाठी थोडा वेळ स्थिर राहायचं, एवढंच. दातांचं माप घेताना थंडगार लगदा भरलेला साचा काही मिनिटं तोंडात धरावा लागतो. मळमळलं तर मान थोडी पुढे झुकवायची, नाकाने श्वास घ्यायचा, पायाची बोटं हलवत राहायची. काही ठिकाणी आता स्कॅनरनेच माप घेतात. कीड असेल तर आधी तिचा उपचार. दात काढावे लागतील का, हे या तपासण्या पाहून ठरतं आणि तारा बहुतेक वेळा पुढच्या भेटींत लागतात.

ती शांतपणे ऐकत होती. मी म्हणाले, “आणि फोटो काढतात.”

हात ओठांवर घट्ट दाबला गेला. “तोंडाचे?”

“हो. ओठ प्लास्टिकच्या पट्टीने बाजूला धरून.”

“ते कोण बघणार?”

समजावणारा माणूस इथे घाई करतो आणि सगळं हातचं घालवतो. इतक्या वर्षांत मी एवढं नक्की शिकले आहे. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “दादाच्या लग्नात फोटो काढताना काकू म्हणाली, हिला तोंड मिटायला सांगा.”

भीती सुईची नव्हतीच. ती तोंड उघडण्याची होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मला म्हणूनच जवळचा वाटतो: घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात घोकलेलं वाक्य जास्त छळतं. हिचं वाक्य होतं, “डॉक्टर मनात हसतील.” मी विचारलं, “सायकलवाला पंक्चर बघून हसतो का गं?” ती खुदकन हसली आणि क्षणभर हात खाली आला. दात दिसले. वरचा सुळा जरा पुढे होता.

मग वहीच्या पानावर तिने स्वतःचे प्रश्न लिहिले. फोटो कोण बघणार? किती महिने लागतील? चिवडा खाता येईल? आईंना मी एकच विनंती केली: खुर्चीजवळ उत्तरं तिची तिला देऊ द्या.

पालकांना आणखी दोन गोष्टी सांगते. “काहीच दुखणार नाही” असं म्हणू नका. तारा लागल्यावर पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, आणि तुम्ही खोटं बोललात हे मूल विसरत नाही. दुसरं, दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबायची गरज नसते. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची (वाकडे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांची) संघटना पहिली तपासणी मूल 7 वर्षांचं होईपर्यंत करून घ्या असं सांगते. तपासलं म्हणजे लगेच उपचार सुरू होतात असंही नाही.

भेट झाली त्या संध्याकाळी आईंचा फोन आला. डॉक्टरांनी फोटो आधी तिलाच दाखवले होते. तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं म्हणे, “हा सुळा जागेवर यायला किती दिवस लागतील?”