ब्लॉकवर एक नाव, पट्टीवर दुसरं

प्रश्न : मामांनी कधीकाळी डिस्पोजलमधून, म्हणजे सैन्याच्या जुन्या मालाच्या विक्रीतून, घेतलेली जुनी मिलिटरी जीप आता माझ्याकडे आलीय. मिस्त्री म्हणतो इंजिन अस्सल विलीज कंपनीचं, कारण ऑइल फिल्टरच्या मागे जी छोटी सपाट पट्टी आहे तिथे एमबी आणि पुढे सहा आकडे ठोकलेत. पण रॉकेलने धुतल्यावर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, अंगावर जीपीडब्ल्यू ६०१५ अशी अक्षरं निघाली. मग इंजिन नक्की कुणाचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्लॉक फोर्डचा आहे. मिस्त्रीचा राग धरू नका, तो ठोकलेला नंबर बघतोय आणि तुम्ही ओतलेला, आणि हे दोन्ही वेगळे असतात हेच बरेचदा कुणी सांगत नाही. बिडाचा ब्लॉक ओतताना साच्यातच जी अक्षरं असतात ती उठावाने येतात, ती नंतर कुणाला घालता येत नाहीत. पट्टीवरचे आकडे मात्र पंच आणि हातोडीने आत ठोकलेले, म्हणजे घासून परत ठोकताही येतात.

आता दोन कंपन्यांची भानगड काय, तर डिझाइन विलीजचं, कारखाना ओहायोतल्या टोलेडोला, पण युद्धात जीप हव्या होत्या ढिगाने, म्हणून १९४१ च्या अखेरीस अमेरिकन सैन्याने फोर्डलाही तीच गाडी बनवायची ऑर्डर दिली. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. यातला जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी हा ८० इंची व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, कोड आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन. इंजिन दोन्हीकडे तेच, चार सिलिंडर, १३४ क्यूबिक इंच म्हणजे साधारण २२०० सीसी, ६० हॉर्सपॉवर. पार्ट एकमेकांना बसायचे, म्हणून वर्कशॉपमध्ये इकडचं तिकडे सर्रास व्हायचं. विलीजच्या युद्धकाळातल्या ब्लॉकवर ६३८६३२ हा कास्टिंग नंबर सापडतो, जीपीडब्ल्यू नाही. फोर्डवाले तर इतके हट्टी की बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपला एफ उमटवायचे, दोनचार बोल्ट पुसून बघा, मजा येईल.

मग पट्टीवर एमबी कसं? माझा अंदाज, कुणीतरी कागदाशी जुळवायला ठोकलंय. भिंग घेऊन बघा, ग्राइंडरच्या आडव्यातिडव्या रेघा, नव्या आकड्यांखाली अर्धवट जुने, किंवा ओळ वाकडी दिसली तर समजायचं. पांढरा खडू घासून वरचा पुसून टाका, खोलगट आकडे उठून दिसतात. वायर ब्रश चालेल, पण ग्राइंडर अजिबात लावू नका हां, आणि नंबर "दुरुस्त" करून देतो म्हणणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार. आरसी बुकातला नंबर काय आहे तो आधी बघा आणि फरक असेल तर आरटीओलाच विचारा.

हेड, म्हणजे ब्लॉकच्या वर बसणारं झाकण, बघून निकाल लावू नका, ते वेगळं कास्टिंग, कुठल्याही गाडीवरून आलेलं असू शकतं. फक्त एक, तुमच्या इंजिनाचं डोकं चपटं आणि प्लग वरून उभे असतील तर ते जुनं फ्लॅटहेड. वर रॉकर कव्हर आणि कार्बोरेटर थेट हेडला लागलेला दिसला तर ते नंतरचं हरिकेन, ७२ हॉर्सपॉवरचं, जे महिंद्राच्या सीजे३बी मध्ये आपण लहानपणापासून बघत आलोय, त्याच इंजिनाची उंची बसावी म्हणून त्या जीपचं बोनेट उंच झालं.

आणि हो, इंजिन फोर्डचं म्हणजे गाडी फोर्डची असं नाही! रेडिएटरखाली वाकून चेसीचा आडवा सपोर्ट बघा, गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. पाइप निघाला तर तुमच्याकडे विलीजच्या चेसीवर फोर्डचं इंजिन आहे, आणि मिस्त्रीला अर्धे मार्क द्यायला हरकत नाही.