आधी ताट ठरव, मग गड

चि. स अनेक आशीर्वाद,

या वर्षी चढायच्या गडांची तुझी यादी वाचली. हरिहर, अंजनेरी, रामशेज, साल्हेर... गड छान निवडलेस, पण प्रत्येकापुढे 'सकाळी मिसळ' एवढंच खाणं? नाशकात मिसळ मिळते हे काय सांगायचं! आणि चढायच्या आधी ती नकोच. तर्री पोटात घेऊन चढायला लागलं की अर्ध्या वाटेतच पाण्याची बाटली रिकामी होते. मिसळ उतरल्यावर.

माझं ऐकशील तर यादी उलटी कर. कोणत्या महिन्यात कुठे काय उगवतं ते आधी बघ, मग त्याच भागातला डोंगर धर.

सुरुवात ऑगस्टपासून कर. 9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव असतात. तारीख तालुका कृषी कार्यालयात विचार. करटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन पाड्यांवरच्या मावश्या बसलेल्या असतात. नुसती जुडी घेऊन निघू नकोस. पाला किती कोवळा हवा, उकळून पाणी टाकायचं का, कोणती भाजी घशाला खाजते, हे सगळं त्यांनाच विचार. त्या हौसेने सांगतात. फोटोवरून ओळखून स्वतः रानात खुडायला मात्र जायचं नाही, हे बजावून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अंजनेरी. पठारावर तेव्हा रानफुलं असतात. याच डोंगराच्या नावावरून 'सेरोपेजिया अंजनेरिका' असं नाव पडलेली कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात तिथे आहे. म्हणून मळलेली वाट सोडायची नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही.

हरिहर पावसात टाळ. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच खोबणीत हात घालतात, त्यात शेवाळ आणि शनिवार-रविवारची गर्दी. दिवाळीनंतर, मधल्या वारी जा. तेव्हा त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे नवी नागली, म्हणजे नाचणी, आलेली असते. पायथ्याच्या गावात कुणाकडे जेवण सांगितलंस तर चुलीपाशी बसून बघ. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळतात. तळहाताने थापताना कडा चिरली की ओला हात फिरवून सांधतात. तव्यावरून उतरलेली ती काळपट भाकरी, ठेचा आणि उडदाचं वरण. एवढं पुरे.

जेवण आदल्या दिवशी सांगायचं, माणसं नक्की किती तेही. दहा सांगून सहा जायचं नाही. पैसे ते म्हणतील तेवढे द्यायचे. हॉटेलात मुकाट्याने बिल भरणारे लोक पाड्यावर घासाघीस करतात, त्याचा मला फार राग येतो.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा. शेतावर आगटीतून, म्हणजे खड्ड्यातल्या विस्तवातून, काढलेलं कणीस पोळत्या हातावर चोळून दाणे मोकळे होईपर्यंत धीर धरवत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. त्याला जोडून भल्या पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जा. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं ते हेच. निफाडची थंडी माहीत आहे ना? कानटोपी घे.

फेब्रुवारी-मार्चात द्राक्षं. दिंडोरीच्या बागा आणि मुघलांना वर्षानुवर्षं दाद न दिलेला रामशेज एका सकाळीत होतात. गड लहान आहे, पण ऊन चढायच्या आत उतर. बागेत मालकाला विचारल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही. फवारणी कधी झाली ते त्यालाच ठाऊक असतं.

साल्हेर मात्र या वर्षी राहू दे. 1567 मीटर उंची, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि नाशकाहून लांब बागलाणात. त्याला मुक्काम हवा, एका दिवसात उरकायचा तो गड नाही.

ऑगस्टची तारीख कळली की मला लगेच कळव. त्या दिवशी माझी गाडी रिकामीच असेल, चौघं मावतील.

तुझा,
काका