वाचक विचारतात : टाळी कधी वाजवायची?

प्रश्न : मुलानं मुंबईत एनसीपीएला जॅझच्या कार्यक्रमाला नेलं, दुसऱ्या दिवशी चित्रप्रदर्शनाला. ख्याल आयुष्यभर ऐकत आले आहे, पण इथं वादन चालू असतानाच लोक टाळ्या वाजवत होते. आणि गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहून बघायचं तरी काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : टाळ्यांचं आधी सांगते. ती बेशिस्त नव्हे, रीतच आहे. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग सॅक्सोफोन, पियानो, बास असे एकेक जण पुढं येतात आणि त्या चालीच्या कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांवर, तिथल्या तिथं नवं रचतात. एकाचा सोलो संपला की टाळी. शेवटी पुन्हा मूळ चाल. एक आवर्तन बहुधा बत्तीस बारांचं असतं (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा खंड), ब्लूज या प्रकारात बारा बारांचं. शेवटाकडे ड्रमरशी चार-चार बारांची देवाणघेवाण झाली तर तुम्हाला ती कुणी समजावून सांगायला नको, सवाल-जवाब आपण ऐकलेलेच आहेत.

अडखळायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. जॅझमध्ये खालच्या कॉर्ड्स सतत बदलतात, त्यामुळे आत्ता गोड लागलेला सूर पुढच्याच क्षणी बोचू शकतो. म्हणून पुढच्या खेपेला सॅक्सोफोनच्या मागं धावू नका, बोटांनी छेडला जाणारा तो उभा डबल बास धरून ठेवा. तो बहुतेक वेळा मात्रेला एक सूर टाकत चालतो आणि कॉर्ड कुठं बदलली ते त्याच्याकडूनच कळतं. मी स्वतः बासवाला दिसेल अशीच खुर्ची शोधते. (जेवणाच्या टेबलांमध्ये जॅझ ऐकायला मात्र जाऊ नका. काट्या-चमच्यांत बास पहिला बुडतो.)

आणि हे संगीत परकं मानू नका. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ वाजत होतं. ते इथं रुजवण्यात मोठा वाटा गोव्याच्या वादकांचा. चर्चच्या शाळांत ते नोटेशन वाचायला शिकलेले, त्यामुळे रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवायचे. सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागं त्यांचा हात होता, म्हणजे तुम्ही लहानपणापासून थोडं जॅझ ऐकतच आला आहात! पुढं १९७८ला मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथं येऊन वाजवून गेला.

आता गायतोंडे. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीनं, ते रंगाचे थर चढवत, खरवडत. वर्षाला मोजकीच चित्रं. त्यात डोंगर, समुद्र, गणपती शोधत बसू नका, त्यांनाही ते नको होतं. आधी लांबून बघा, मग कडेनं, तिरप्या उजेडात. खालचा थर कुठं डोकावतो, कुठं पुसला गेलाय, हे दिसायला लागलं की पाय आपोआप थांबतात. भिंतीवरचा मजकूर सगळ्यात शेवटी वाचा. माझ्या मते तो बऱ्याचदा चित्रापेक्षा अवघड असतो.

प्रश्न : गॅलरीत चित्राची किंमत विचारलेली चालते का? घ्यायचं नसेल तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खुशाल विचारा. विक्रीच्या प्रदर्शनात टेबलावर किमतींची यादी बहुधा असते, चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं असं समजा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तर पुष्कळदा चित्रकार स्वतःच कोपऱ्यात बसलेला असतो. त्याला ‘याचा अर्थ काय’ विचारलंत तर तो कसनुसा हसेल. हा पोत कशानं आणला, ते विचारा, मग तुमची ठरलेली लोकल चुकलीच म्हणून समजा.