वेतनवाढ मागताना खाली मान घालू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र काल मिळालं. दोन वर्षांच्या वेतनवाढी लागल्या नाहीत आणि विचारायला गेलीस तर "वडिलांच्या जागी आयती नोकरी मिळालीय, आता गप काम कर" असं ऐकावं लागलं. वाचून राग आला. माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-पगाराचं काम बघणाऱ्या शाखेत गेली. असं बोलणारे तिथेही भेटले आणि त्यांचं म्हणणं कधीच बरोबर नव्हतं.

अनुकंपा नियुक्ती, म्हणजे सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्याला मिळणारी नोकरी, हा वारसाहक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली उमेशकुमार नागपाल प्रकरणात सांगितलं. घरचा कमावता माणूस गेल्यावर कुटुंबावर ओढवलेलं संकट निभावून जावं एवढ्यासाठीच ही सवलत आहे. पण हा निकाल नोकरीत येण्याच्या वाटेबद्दल आहे. हजर झाल्यानंतर पगार, रजा, वेतनवाढ यांचे नियम तुला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सारखेच. तू आलीस कशी, यावरून वेतनवाढ ठरत नाही.

आधी एकच गोष्ट लेखी माग: वेतनवाढ कोणत्या आदेशाने, कोणत्या नियमाखाली रोखली? पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

शिक्षा म्हणून रोखली असेल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 लागतात. त्यात वेतनवाढ रोखणं ही किरकोळ शिक्षा आहे, पण तीसुद्धा लेखी नोटीस देऊन, तुझं म्हणणं ऐकूनच देता येते. पुढच्या वेतनवाढींवर कायमचा परिणाम होईल अशा रीतीने रोखायची असेल, तर रीतसर विभागीय चौकशी लागते. सर्वोच्च न्यायालयाने कुलवंतसिंग गिल प्रकरणात ती मोठी शिक्षा मानली आहे. तुला नोटीसच आलेली नाही, म्हणजे ही शिक्षा म्हणून टिकणार नाही.

दुसरी शक्यता टंकलेखनाची, आणि इथे मात्र स्वतःला फसवू नकोस. तुझ्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचं 30 किंवा इंग्रजीचं 40 शब्द प्रति मिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. अनुकंपावर आलेल्यांना ते मिळवायला मुदत दिलेली असते. सेवेच्या नियमांनुसार किंवा नियुक्तीच्या अटींनुसार परीक्षा उत्तीर्ण न झाल्याने वेतनवाढ थांबली, तर तिला शिक्षा म्हणत नाहीत. 1979 च्या नियमांतच तसा खुलासा आहे. म्हणून नियुक्ती आदेश पुन्हा काढ आणि प्रत्येक अट बोट ठेवून वाच. मुदत किती, कधीपासून, ती चुकली तर काय होईल असं नेमकं लिहिलंय? प्रमाणपत्र घेतलं असशील तर परीक्षेची तारीख, निकालाची तारीख आणि ते कार्यालयात जमा केल्याची तारीख या तिन्हींचे कागद लाव. प्रमाणपत्र अजून नसेल तर भांडणाआधी फॉर्म भर. परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते.

तिसरा प्रकार मी सर्वांत जास्त पाहिला. आदेश नाही, नोटीस नाही, अटही अपुरी नाही. फक्त सेवापुस्तकात, म्हणजे तुझ्या नोकरीच्या नोंदवहीत, नोंद घेतलेली नाही आणि 'सेवार्थ' या पगाराच्या संगणक प्रणालीत कुणी वेतनवाढ चढवलेली नाही. तुझ्या पत्रावरून मला हेच वाटतंय. सेवापुस्तक बघायला माग. दाखवलं नाही तर माहिती अधिकारात सेवापुस्तकाची आणि वेतनवाढीच्या टिपणीची प्रत माग. दहा रुपये लागतात, 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

रक्कम लहान समजू नकोस. तुझ्या पदाच्या एस-6 या वेतनस्तरावर मूळ वेतन 19,900 नंतर 20,500, मग 21,100. म्हणजे आजच मूळ वेतनात महिन्याला 1,200 रुपयांचा फरक. त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडं, निवृत्तिवेतन योजनेतली तुझी आणि शासनाची वर्गणी, सगळंच कमी पडतं. शिवाय दर वर्षाची पुढची वाढ त्याच कमी आकड्यावर बसते. आईच्या औषधांचा खर्च तू लिहिला आहेस, म्हणून हा हिशेब मांडला.

आता अर्ज. एका पानाचा, कार्यालयप्रमुखांच्या नावे, विषय एकच. कुणाबद्दल तक्रार नको, फक्त तारखा आणि मागणी. आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच घरी ठेव. "थकबाकी मागणार नाही" असं हमीपत्र लिहून दे म्हणतील, वाढ लगेच लावतो म्हणतील. ते लिहून देऊ नकोस. घाईच्या गरजेत पोरं अशा कागदावर सह्या करतात आणि मग वकिलालाही काही करता येत नाही.

अर्जाला सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नोकरीतले वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. आपल्या सोलापूरकरांसाठी त्याचं मुंबईचं पीठ आहे. नकाराचा आदेश आला तर त्या तारखेपासून एक वर्ष. उत्तरच नाही आलं तर सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. अर्जावर अर्ज देत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे नीट ध्यानात ठेव. चुकीचा पगार दर महिन्याला मिळतो म्हणून दावा नव्याने उभा राहतो हे खरं, एम. आर. गुप्ता प्रकरणात 1995 साली तसं ठरलंय. पण 2008 च्या तरसेमसिंग निकालानंतर उशिरा येणाऱ्याला थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. थांबशील तितकं हातचं जाईल.

तुझ्या मैत्रिणीचंही विचारलं आहेस. ती जिल्हा परिषदेची कर्मचारी, तिला न्यायाधिकरणाचं दार नाही. तिला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात आहे, त्यामुळे तिला मुंबई गाठायची गरज नाही.

साहेबांशी बोलताना आवाज चढवू नकोस, आणि दया मागत असल्यासारखीही बोलू नकोस. तुझे वडील याच शहरात नोकरी करत होते, त्यांच्या सहकाऱ्यांपैकी कुणी अजून नोकरीत असेल तर पहिल्या भेटीला त्यांना सोबत घे.

रविवारी सकाळी घरी ये. नियुक्ती आदेश, हजर झाल्याचा अहवाल, मागच्या दोन वर्षांची पगारपत्रकं आण, आणि टंकलेखनाचं प्रमाणपत्र असेल तर तेही. अर्जाचा मसुदा आपण तिथेच बसून लिहू, सोमवारी तू तो आवक शाखेत दे.

तुझे काका