गेममधली सायली काय करते?

"मॅडम, गेम खेळतो त्याचं काही नाही, पण तिथं तो स्वतःसारखा का नसतो?" समुपदेशक म्हणून पालकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. कुणाचा मुलगा मुलीचं पात्र घेऊन खेळतो, कुणाची सावळी मुलगी रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममध्ये गोरीपान होते, कुणाचा लहानखुरा मुलगा तिथं धिप्पाड योद्धा असतो. धास्ती सगळ्यांची एकच: आमचं मूल स्वतःला नाकारतंय. अशा सगळ्या आईवडिलांसाठी सायलीबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिची आणि तिच्या आईची संमती आहे.

सायली अकरावीत, सोलापूरची. सातवीत हातावर कोडाचा पहिला डाग आला, मग मानेवर, डाव्या डोळ्याभोवती. सोलापूरच्या एप्रिलमध्येही पूर्ण बाह्यांचा कुर्ता. कोडात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. ते संसर्गाने पसरत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. हे तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. आईने तर मन लावून वाचलं होतं. द सिम्स 4 या गेममध्ये 2024 च्या फेब्रुवारीत पात्राला कोडाचे डाग देण्याची सोय आली, हेही तिला कळलं होतं. ती लेकीला म्हणाली, "बघ, आता तुझ्यासारखीच बाहुली कर." सायलीने केली नाही. ती रोब्लॉक्सवरच राहिली, आणि तिथली तिची आकृती म्हणजे पायापासून गळ्यापर्यंत चिलखत आणि वर हेल्मेट. त्वचेचा कणही दिसत नाही.

"एवढं समजावून सांगितलं, तरी ती स्वतःचा द्वेषच करते," असं म्हणून आई माझ्यासमोर रडली.

सायलीला "हेल्मेट का?" हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झाला होता आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं होतं, "छान दिसतं." 'का' विचारलं की मूल स्वतःचा बचाव करू लागतं. मी दुसरीकडून सुरुवात केली.

"ती हेल्मेटवाली तिथं करते काय?"

सायली सावरून बसली. "नव्या मुलांना अडथळ्यांची शर्यत पार करायला शिकवते. कुणी भांडलं तर मध्ये पडते. चुकत असेल त्याला तोंडावर सांगते."

"आणि तू वर्गात?"

"मी मागे बसते."

"उत्तर येत असलं तरी?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हात वर केला की बाही खाली सरकते."

या वाक्यापाशी आम्ही पुढच्या कितीतरी भेटी थांबलो. आईला जो द्वेष वाटत होता, तो मला त्यात कुठेच दिसला नाही. मला दिसली एक अट. 'डाग नसते तर बरं झालं असतं' ही इच्छा झाली, आणि ती अगदी रास्त आहे. 'डाग आहेत तोवर मी हात वर करायचा नाही' ही अट झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विचारपद्धती उभी केली, तिच्यात हा फरक मध्यवर्ती आहे. माझंही बरंचसं काम त्यावरच उभं आहे आणि त्याने मला क्वचितच दगा दिला आहे. हेल्मेटने सायलीचा चेहरा झाकला हे खरं, पण त्याहून मोठं काम म्हणजे त्याने तिची अट रद्द केली होती. अट गेल्याबरोबर आतली पुढाकार घेणारी, स्पष्ट बोलणारी मुलगी बाहेर आली. ती मुलगी गेमने बनवलेली नव्हती.

"ही अट कोणी घातली?" मी विचारलं.

"मीच. पण लोक बघतात ना!"

"बघतात. मग?"

"मग विचारतात."

"हेल्मेटवालीला विचारलं तर?"

ती हसली. "ती म्हणेल, कोड आहे, पुढचा प्रश्न?"

हे वाक्य बाहेर कुठे वापरून बघायचं ते मी सांगितलं नाही. जागा तिनेच निवडली, केमिस्ट्रीचा क्लास. तिथं तिने हात वर केला, बाही कोपरापर्यंत सरकली, शेजारच्या मुलीने विचारलंच. आवाज कापत होता, पण सायलीने तेच उत्तर दिलं. पुढच्या भेटीत ती चिडलेली होती. "मॅडम, सरांना सांगितलेलं उत्तरच चुकलं! त्या नादात हाताचं विसरलेच."

मला एवढा आनंद क्वचित होतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये दाखवलं की आभासी जगात उंच आकृती मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत जास्त ठामपणे बोलतात. 2009 च्या पुढच्या अभ्यासात हा ठामपणा नंतरच्या समोरासमोरच्या बोलण्यातही थोडा उतरलेला आढळला. म्हणून अवतार, म्हणजे गेममधली आपली आकृती, ही पळवाट असते असं मी मानत नाही. पुष्कळदा ती तालीम असते. मात्र ती बाहेर आणायला कुणीतरी सोबत लागतं.

तेव्हा पालकांनो, अवतार बदलायला लावू नका. 'तुझ्यासारखीच कर' हा आग्रह प्रेमातून आला तरी मुलाला त्यातून पुन्हा डागच दाखवला जातो. शेजारी बसा, खेळ बघा, ते पात्र काय काय करतं ते विचारा आणि त्यातलं कोणतं काम तुमचं मूल बाहेर टाळतं ते मनात नोंदवा. मुलगा मुलीचं पात्र घेत असेल तरी हेच करा. कारणं कितीतरी असू शकतात, घाईने निष्कर्ष काढू नका. अनोळखी लोकांशी होणाऱ्या चॅटवर आणि खरेदीवर मात्र लक्ष हवंच, तिथं संकोच नको.

आरशासमोर जाणं, फोटो काढणं, घराबाहेर पडणं मूल टाळू लागलं, झोप आणि अभ्यास मोडला, किंवा 'मी नसलेलीच बरी' अशी भाषा आली, तर वाट बघू नका. समुपदेशकाकडे जा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

सायलीचं हेल्मेट अजून आहे. आईने परवा विचारलं, "ते कधी काढायला सांगू?" मी म्हटलं, "सांगूच नका."