जोरात हसलं की गुडघे ढिले पडतात आणि दिवसभर झोप अनावर होते. ही नार्कोलेप्सी असेल का? निदान कसं करतात आणि पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून दिवसा झोप आवरत नाही आणि रात्री आठ तास झोपूनही फरक पडत नाही. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीत, की मित्रांत जोरात हसलं की गुडघ्यांतली ताकद जाते आणि मान कलते. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांना फिट्सची शंका आली.

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान डॉक्टर करतात. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवून रात्रभर पडद्यासमोर बसणं हे माझं काम, तेव्हा हे उत्तर त्या खुर्चीतून आलंय असं समजा. पण ती हसण्याची ओळ शेवटी नको होती, डॉक्टरांसमोर ती पहिली यायला हवी. दिवसा झोप येण्याची कारणं ढीगभर: अपुरी झोप, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), थायरॉइड, लोहाची कमतरता, ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्य. शुद्ध पूर्ण शाबूत असताना हसण्यामुळे अंग ढिलं पडण्याची कारणं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, आणि ती खरी असेल तर नार्कोलेप्सीचा, म्हणजे झोप आणि जाग यांवरचा मेंदूचा ताबा सुटण्याच्या आजाराचा, संशय एकदम बळावतो. ‘फार झोप येते हो’ एवढंच ऐकलं तर कोणीही आधी ताणाचा आणि मोबाइलचाच विचार करेल.

आपल्या मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात लाखभरसुद्धा नसलेल्या पेशींचा एक छोटा गट असतो. त्या ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. यालाच हायपोक्रेटिन असंही म्हणतात, कारण १९९८ मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं आणि दोघांनी आपापलं नाव दिलं. २००० मध्ये लक्षात आलं की कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी असलेल्यांच्या मेंदूत या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्या मारल्या असाव्यात, असा दाट संशय आहे. ओरेक्सिन ही जागेपण आणि झोप यांच्यामधल्या दाराची कडी समजा. कडी गेली की दार वाऱ्यावर हलत राहतं. दिवसा झोप आत शिरते आणि रात्रीही सलग झोप लागत नाही.

स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातपाय लुळे करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखर उठून धावलो असतो. हे लुळेपण जागेपणी शिरलं की कॅटाप्लेक्सी. जाग आल्यावरही काही क्षण टिकून राहिलं, तर डोळे उघडे पण बोटही हलत नाही. आणि डोळा लागता लागता खोलीत कोणी उभं असल्यासारखं दिसतं, ते वेळेआधी सुरू झालेलं स्वप्न असतं. हे शेवटचं लोक लाजेने सांगत नाहीत, उगाच वेड्यात काढतील म्हणून. तुम्हाला होत असेल तर सांगा.

आता फिट्सचं. कॅटाप्लेक्सीचा झटका सहसा काही सेकंद ते दोन मिनिटं टिकतो. बरेचदा तो चेहऱ्यापासून सुरू होतो: जबडा सैल पडतो, पापण्या मिटतात, बोलणं जड होतं, मग गुडघे. पण आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं आणि नंतर आठवतंही. मोठ्या फिटमध्ये शुद्ध जाते आणि त्यानंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो. फिट्सच्या काही प्रकारांत हा फरक इतका स्वच्छ नसतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) करावासा वाटला तर जरूर करू द्या.

तपासणीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण ती वाया गेलेली मी पाहतो. ती वाया जाते तयारीत, लॅबमध्ये नव्हे. आधी एक-दोन आठवडे रोज किती वाजता झोपलो आणि उठलो याची नोंद ठेवायची असते. शक्य असेल तिथे मनगटावर हालचाल मोजणारं यंत्रही बांधतात. त्या काळात झोप पुरेशी घ्यायलाच हवी. चार तास झोपून आलेला किंवा रात्रपाळीचा माणूस अगदी नार्कोलेप्सीसारखा रिपोर्ट देऊ शकतो.

तुमच्या बाबतीत खरी अडचण नैराश्याच्या गोळ्यांची आहे. त्यातल्या बहुतेक रेम झोप दाबतात, त्यामुळे त्या चालू असताना तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. साधारण दोन आठवडे आधी त्या बंद कराव्या लागतात. फ्लुओक्सेटिन शरीरात फार दिवस रेंगाळतं, त्याला आणखी वेळ द्यावा लागतो. पण हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. अचानक थांबवल्यास कॅटाप्लेक्सी उसळून येते, आणि मूळ नैराश्य खरंच असेल तर त्याचाही धोका आहे. आणखी एक आठवून पाहा: त्या गोळ्या सुरू झाल्यावर हसताना पाय लटपटणं कमी झालं का? याच गटातली काही औषधं कॅटाप्लेक्सीवर मुद्दाम देतात, त्यामुळे उत्तर ‘हो’ असेल तर तोही एक धागा आहे.

रात्रभराच्या स्लीप स्टडीत ॲप्निया नाही ना, आणि किमान सहा तास झोप झाली ना, हे बघतात. दुसऱ्या दिवशी एमएसएलटी, म्हणजे मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट. दर दोन तासांनी एक अशा चार-पाच डुलक्या, अंधाऱ्या खोलीत. वीस मिनिटांत झोप लागते का, लागली तर त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत रेम येते का, हे मोजायचं. झोप लागायला सरासरी आठ मिनिटं किंवा कमी लागली आणि किमान दोनदा अशी लवकरची रेम दिसली, तर रिपोर्ट नार्कोलेप्सीकडे बोट दाखवतो. आदल्या रात्री रेम पंधरा मिनिटांच्या आत आली असेल तर तीही एक धरतात. एरवी रेमला तास-दीड तास लागतो.

पडद्यावर हे फार स्पष्ट दिसतं. डोळ्यांच्या दोन रेषा अचानक एकमेकींच्या विरुद्ध झेपावतात आणि हनुवटीच्या स्नायूची जाडसर रेषा सपाट होते. आत जाऊन विचारावं, तर पेशंट शपथेवर सांगतो, ‘मला डोळा लागलाच नाही.’ दोन डुलक्यांच्या मधल्या वेळात त्याला जागं ठेवणं ही माझी खरी कसरत असते. कॉफी चालत नाही, खुर्चीत पेंगायचं नाही. पुस्तक वगैरे आणू नका, उभं राहून करता येईल असं काहीतरी आणा.

एवढं करूनही तपासणी चुकते. कॅटाप्लेक्सी नसलेल्या दुसऱ्या प्रकारात तर पुन्हा केल्यावर निकाल बदललेला बऱ्याचदा दिसतो. चित्र स्पष्ट नसेल तर मणक्यातलं पाणी काढून हायपोक्रेटिन मोजता येतं. एका मिलिलिटरमध्ये ११० पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी म्हणजे पहिला, सहसा कॅटाप्लेक्सी असलेला प्रकार जवळपास पक्का, पण ही सोय सगळीकडे नसते. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकाच्या नुसत्या तपासणीवर मात्र विसंबू नका. नार्कोलेप्सीत आढळणारा त्याचा प्रकार निरोगी माणसांतही सर्रास सापडतो. आणि इंटरनेटवर सापडणारी एपवर्थची आठ प्रश्नांची यादी भरून बघायला हरकत नाही. २४ पैकी १० च्या वर गेलात तर झोप जास्त आहे एवढंच कळतं, का आहे ते कळत नाही.

उपचारांचं थोडक्यात, कारण तिथे डॉक्टरांचाच शब्द. गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत, त्यामुळे हा आजार सोबत राहतो. पण तो पार्किन्सनसारखा वर्षागणिक पुढे सरकत नाही. जागं राहण्यासाठी मोडाफिनिल, आर्मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, पिटोलिसंट. कॅटाप्लेक्सीसाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं. सोडियम ऑक्सिबेट दोन्हींवर चालतं, ते रात्री घेतात आणि त्याच्या काही प्रकारांत मध्यरात्री उठून दुसरा डोस घ्यावा लागतो. मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बरेचदा सांगायचं राहून जातं. त्यावर अंगावर पुरळ उठलं तर लगेच कळवा.

आणि डुलकी. दिवसातून एक-दोनदा ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं आडवं होणं. औषध घेणारेही हे टाळतात, कारण ऑफिसात झोपलेलं दिसायचं नसतं. मला विचाराल तर निदानाच्या कागदाचा पहिला उपयोग हाच: तो दाखवून डुलकीची जागा आणि वेळ मागून घ्या. झोप ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणेपर्यंत गाडी चालवू नका आणि एकट्याने पोहायला उतरू नका.

पुढच्या भेटीआधी एक करा. ज्याच्या विनोदांवर तुमचे पाय जातात त्या मित्राला झटक्याचा व्हिडिओ घ्यायला सांगा, पण खाली गादी असताना. चेहरा आणि गुडघे दोन्ही दिसायला हवेत. झटका चालू असताना त्याने एखादा आकडा मोठ्याने म्हणावा आणि तुम्ही सावरल्यावर तो विचारावा. तुमचं उत्तरही त्याच व्हिडिओत येऊ द्या, म्हणजे शुद्ध होती की नाही हे न्यूरॉलॉजिस्टला स्वतःच ऐकता येईल.